अडतीस सूत

लक्ष्मीपुरीतल्या किणीकरांनी तिकिटाचा कागद हातात ठेवला.
"दस्तगीरभाई, एकतीस तास."
मी विचारलं, अंतर किती?
ते हसले. "अंतर कोण विचारतंय आता? तास विचारतात."

आमच्यात अंतर विचारतात.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथपुढं उभा आहे,
तास मालकाचे, माप आपलं.

तस्लीमच्या शाळेचा नकाशा माळ्यावरून काढला.
सपाट कागद, या कडेला कोल्हापूर, त्या कडेला एडमंटन.
पट्टी लावली आणि उचलून ठेवली.
जॉब गोल आहे.
गोल जॉबवर पट्टी टेकत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.

मग एका सोमवारी, वीज असून काम नसताना,
बिडाचा गोळा चकमध्ये धरला.
व्यास एकशे सत्तावीस पॉइंट चार.
एक मिलिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर.
सुकुमार म्हणाला, "मिस्त्री, ऑर्डर कुणाची?"
म्हटलं, घरची.

अंश मोजून दोन पंच मारले.
जैनबच्या मशीनचा पांढरा दोरा ताणला
तर तो आपणहून सरकत गेला,
अरबस्तान सोडून, युरोप सोडून, वर वर,
बर्फाच्या टोकाला खेटून पलीकडं उतरला
आणि ताठ झाला.
सोडून मोजला.
अडतीस सूत, वर केसभर.

बारा हजार एकशे पंचाहत्तर किलोमीटर म्हणजे.
ताशी नऊशेनं धरा, साडेतेरा तास.
मग किणीकरांचे उरलेले साडेसतरा?
मुंबईच्या खुर्चीवर, फ्रँकफर्टच्या खुर्चीवर,
बूट काढून ट्रेमध्ये ठेवण्यात,
परत नाडी बांधण्यात,
दोन किलो कांदा-लसूण चटणी म्हणजे काय
ते परक्या माणसाला समजावण्यात.
एवढा प्ले असलेलं मशीन
मी कधीच भंगारात घातलं असतं.

विमान किती उंच जातं, तेही काढलं.
दहा किलोमीटर. गोळ्यावर दशांश मिलिमीटर.
किणीकरांचा कागद मायक्रोमीटरमध्ये धरला,
काटा तिथंच आला.
म्हणजे पोरगी आभाळात वगैरे गेलीच नाही,
एका कागदाच्या जाडीत
गोळ्याला चिकटून, घासत घासत गेली.
जैनबला सांगितलं.
ती म्हणाली, "मग उजळाईवाडीला तारेच्या कुंपणापाशी
मान वर करून काय बघत होता?"

बिडाला गंज लवकर धरतो.
जुम्म्याची नमाज झाली की तेलाचा बोळा फिरवतो.
अंगठा कोल्हापूरवर ठेवला
की मधलं बोट तिच्या दारात पोचतं,
ताणावंसुद्धा लागत नाही.
करंगळी कुठल्याशा समुद्रात.

आणि घड्याळाचं सांगायचं राहिलं.
तिथं दुसरं घड्याळ लागत नाही.
इथं रात्रीचे साडेअकरा, तिथं सकाळचे अकरा.
दिवस-रात्र सोडून द्या,
काट्यात फरक फक्त अर्ध्या तासाचा.
भिंतीकडं बघायचं आणि मनात काटा थोडा मागं घ्यायचा.
रंकाळ्यावर न्यायचो तेव्हा अशीच मागं राहायची,
भडंगाचा पुडा घेऊन, एकेक दाणा मोजत,
आणि मी कठड्यापाशी थांबायचो.

मार्चात तिथले लोक घड्याळ तासभर पुढं सारतात म्हणे.
परवा फोनवर तिनंच सांगितलं.
म्हणजे आता ती अर्धा तास पुढं.
मी हिशेब दोनदा करून पाहिला, बरोबर येतो.
कठड्यापाशी थांबतेस का,
तेवढं विचारायचं राहिलं.